बारा ज्योतिर्लिंगे, दोन कोटी रस्ते!

सेमिस्टर संपवून घरी गेलं की आपल्याला एक ठरलेला प्रश्न विचारला जातो, "किती विषय राहिले?" या दिवाळीत मला मात्र वेगळाच प्रश्न आला. वडील म्हणाले, "तू कॉम्प्युटरचा ना? मग आम्हाला बारा ज्योतिर्लिंगाचा रूट काढून दे. रेल्वेनं जाऊ, लागलंच तर एखाद्या ठिकाणी विमानानं. पण पेरणीच्या आत घरी पाहिजे." आईने त्यात भर घातली, "अन् केदारनाथ गुडघे चालतात तोवरच करायचं."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. नकाशा घ्यायचा, जवळचं आधी, लांबचं नंतर. प्रत्यक्षात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत जे कळलं ते इथे लिहितोय, कारण होस्टेलच्या जवळजवळ प्रत्येक खोलीतल्या मुलाच्या घरी कोणीतरी ही यात्रा मनात धरून बसलेलं आहे.

दोन कोटींचा हिशोब

आपल्या अभ्यासक्रमात 'ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम' नावाचं एक प्रकरण असतं. एक विक्रेता, अनेक गावं, प्रत्येक गावी एकदाच जायचं आणि घरी परत यायचं. सर्वांत कमी अंतराचा मार्ग कोणता? परीक्षेला आपण तो पाठ करून लिहितो. पण बारा ज्योतिर्लिंगे म्हणजे हाच प्रॉब्लेम!

औंढा नागनाथपासून निघून उरलेली अकरा करायची आणि परत यायचं, तर अकराचं फॅक्टोरियल भागिले दोन (उलटसुलट फेरी एकच धरून) म्हणजे १,९९,५८,४०० मार्ग होतात. सेकंदाला एक मार्ग तपासायचा म्हटलं तर बरोबर २३१ दिवस लागतात. तोवर पेरणीच काय, काढणीही होऊन जाईल!

कॉम्प्युटरला अर्थातच हे क्षणाचं काम. १९५४ मध्ये डँटझिग, फल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांचा असाच प्रश्न सोडवून दाखवला होता. मीही एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने सर्वांत कमी किलोमीटरचा मार्ग लगेच दिला, आणि तो मार्ग काहीच कामाचा नव्हता. कारण प्रोग्रामला केदारनाथचं दार कधी उघडतं ते माहीत नव्हतं आणि आईचे गुडघेही माहीत नव्हते.

आधी प्रश्न लहान करा

पहिली गोष्ट म्हणजे ठिकाणं नक्की करा. आपल्या मराठवाड्यात नागनाथ म्हणजे औंढा आणि वैद्यनाथ म्हणजे परळी. गुजरातेत नागेश्वर द्वारकेजवळचा मानतात, तर झारखंडात वैद्यनाथ म्हणजे देवघर. वादात पडायचं कारण नाही, पण आपल्या घरी काय मानतात ते आधी विचारून घ्या. नाहीतर सगळी आखणी झाल्यावर कोणीतरी म्हणेल, "अन् द्वारका?"

आमच्याकडे औंढा आणि परळीच धरतात. म्हणजे बारापैकी पाच महाराष्ट्रातच आले: औंढा, परळी, घृष्णेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर. ही पाच एसटीने सवडीने, जोडून सुट्टी आली की होतात. त्यांना मोठ्या यात्रेत कोंबायचं कारणच काय? ती बाजूला काढली की लांबची सात उरतात. मार्ग किती? दोन कोटींवरून थेट २,५२०!

आता या सातांचे गट पाडा. पश्चिमेला ओंकारेश्वर, उज्जैन, सोमनाथ. दक्षिणेला श्रीशैलम आणि रामेश्वरम. उत्तरेला काशी आणि केदारनाथ. एका गटातली ठिकाणं ओळीनेच करायची असं ठरवलं की मार्ग फक्त २४ उरतात. ते वहीच्या एका पानावर मावतात. अवघड प्रश्न सोडवण्याआधी तो लहान करता येतो का ते बघावं, हे एवढं जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

बंद दारांपासून सुरुवात

पण गंमत अशी की चोवीसपैकी एकही मार्ग आमच्या घरच्या तारखांत बसेना. मग मी उलटीकडून सुरुवात केली. 'कुठून निघायचं' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कुठे आपली मर्जी चालत नाही' याची यादी केली.

पहिलं केदारनाथ. हे मंदिर साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि दार उघडलं २ मे रोजी, म्हणजे ६५ दिवसांनी. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० दिवस होते. म्हणजे तारीख कळणं आणि तिकीट काढणं यांत फार वेळ मिळत नाही. महाशिवरात्रीच्या आत आखणी कागदावर तयार हवी. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, तीही विसरू नका.

दुसरं शेत. आपल्याकडे हळद काढून, शिजवून, वाळवून एप्रिल जातो. मृग लागतो ७-८ जूनला. पुढे सोयाबीनची पेरणी. पावसाळ्यात डोंगरात दरडी कोसळतात. जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, पण तेव्हा सोयाबीन काढणीला. म्हणजे शेतकऱ्याच्या घराला केदारनाथसाठी फक्त मे महिना उरतो.

तिसरं जनावरं. शेजारचे काका म्हणाले, "पंधरा दिवस सांभाळतो." झालं! पंधरा दिवसांत सात ठिकाणं शक्यच नाहीत.

म्हणून दोन यात्रा ठरवल्या. मे महिन्यात ओंकारेश्वर, उज्जैन, केदारनाथ, काशी. जानेवारीत, हळद काढणीच्या आधी, श्रीशैलम आणि रामेश्वरम. सोमनाथ वेगळं. सगळं एकाच फेरीत झालं पाहिजे हा आग्रह माझाच होता, वडिलांचा नव्हताच!

दोन तासांचं विमान, साडेअठरा तासांचा प्रवास

आता विमान कुठे घ्यायचं? आपण म्हणतो, वाराणसी ते हैदराबाद दोन तास. पण आईला हैदराबादला जायचं नाही, घरी यायचं आहे. म्हणून दारापासून दारापर्यंत बेरीज करा. काशीतून बाबतपूर विमानतळ एक तास, तिथे आधी पोचणं दोन तास, विमान दोन तास, शमशाबादहून स्टेशन दीड तास, गाडीची वाट चार तास, हिंगोलीपर्यंत गाडी आठ तास. एकूण साडेअठरा! रेल्वेने काशी ते भुसावळ वीस तास, थांबा चार, अकोला अडीच, थांबा तीन, हिंगोली अडीच. एकूण बत्तीस. आकडे ढोबळ आहेत, वेळापत्रक पाहून तुम्ही तुमचे भरा.

म्हणजे विमानाने साडेतेरा तास वाचतात, पण 'दोन तासांत' कोणी पोचत नाही. केदारनाथ उतरून थकलेल्या माणसांसाठी मला ते पैसे योग्य वाटले. जाताना मात्र रेल्वेच. दक्षिणेत हैदराबाद ते मदुराई विमान चांगलं उपयोगी पडतं. नांदेडला विमानतळ आहे, पण तिथली सेवा सुरू-बंद होत आली आहे. म्हणून ती धरून आखणी करण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा.

आपल्या जुन्या मीटरगेजची इथे आठवण येते. तेव्हा हिंगोलीची लाइन अकोल्याहून मेळघाटातून खंडवा, पुढे इंदूर, रतलामपर्यंत सलग होती. वाटेत ओंकारेश्वर रोड स्टेशन! पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, पण मेळघाटाचा तुकडा राहिला. त्यामुळे आज अकोल्याहून भुसावळमार्गे खंडवा गाठावं लागतं.

फॅक्टर ऑफ सेफ्टी

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाले हसतील, पण मला खरा उपाय त्यांच्याच पुस्तकात सापडला. दोरीवर शंभर किलो लटकवायचं तर शंभर किलोला तुटणारी दोरी कोणी घेतं का? मग आठला पोचणारी गाडी आणि नऊला सुटणारी दुसरी गाडी, अशी आखणी आपण का करतो?

म्हणून नियम केले. एक, गाडी बदलताना किमान चार तास. दोन, रेल्वेतून थेट विमानात नाही, मध्ये एक रात्र. कारण एप्रिल २०१९ पासून रेल्वेची दोन तिकिटं जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर नियमाप्रमाणे पैसे परत मिळतात. रेल्वे आणि विमान यांची मात्र अशी जोडणी नाही. गाडी लेट झाली म्हणून विमान थांबत नाही! तीन, रोज नसलेली गाडी आधी ठरवा. उज्जैनहून हरिद्वारकडे जाणारी उज्जयिनी एक्स्प्रेस रोज नसते, त्यामुळे तिचा वार आमच्या अख्ख्या यात्रेचा वार ठरवतो. चार, केदारनाथनंतर दोन दिवस कोरे. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या आसपास चढ, हवामान बेभरवशाचं. रस्ता बंद पडला तर हे दोन दिवस कामाला येतील, नाही पडला तर गंगाकिनारी विश्रांती. आणि काशी मुद्दाम केदारनाथच्या नंतर ठेवली, म्हणजे उशीर झालाच तर काशीतला मुक्काम कमी होईल, विमान चुकणार नाही.

दक्षिणेतही असंच. हैदराबाद–श्रीशैलम रस्ता अम्राबादच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री वाहनांना बंद असतो, म्हणून सकाळीच निघायचं. रामेश्वरमला डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पांबन पुलावरची रेल्वे बंद झाली होती. ६ एप्रिल २०२५ ला नवा पूल सुरू झाल्यावर गाडी पुन्हा थेट बेटावर जाऊ लागली.

अजून एक. रेल्वेचं 'चक्राकार प्रवास' तिकीट मिळतं. जिथून निघालात तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे दर कमी होतो, त्यामुळे तुकड्यातुकड्याच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. बर्थचं आरक्षण मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं करावं लागतं.

आणि युरोप?

आपले सीनियर जर्मनीला एमएस करायला जातात आणि सुट्टीत पाच शहरं फिरतात. हिशोब तोच. तिथे युरेल पास असतो, १९५९ पासून. पण पास असला तरी फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांत सीटचे पैसे वेगळे. लंडनहून आलेली युरोस्टार पॅरिसच्या गार द नॉर स्टेशनवर उतरवते आणि स्वित्झर्लंडची गाडी गार द लियाँहून सुटते, म्हणजे सीएसएमटीला उतरून बांद्रा टर्मिनसची गाडी पकडण्यासारखंच. स्वस्त विमान 'पॅरिस'ला म्हणून बोव्हेला उतरवतं, ते शहरापासून ऐंशीच्या वर किलोमीटर! शेंगेन व्हिसा २९ देशांना चालतो, अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. लंडनला वेगळा व्हिसा. आणि एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचं विमान घेतलं तर मागे फिरण्याचा प्रवास वाचतो.

असो. आमची मे महिन्याची आखणी पंधरा दिवसांची, एका पानावर बसली. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "हे दहावा-अकरावा दिवस कोरा का ठेवला?" मी फॅक्टर ऑफ सेफ्टी सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे बियाणं जसं एक बॅग जास्त आणतो तसं."

चार वर्षांत मला जे नीट सांगता आलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आता पान देवघरात ठेवलंय, महाशिवरात्रीच्या तारखेची वाट बघत.

तुमच्याही घरी असा प्रश्न आला तर "गुगलवर बघा" म्हणून टाळू नका. एक कोरं पान घ्या आणि आधी बंद दारांची यादी करा.