लालबागेतला ३०० कोटी वर्षांचा खडक आणि तुपातली रवा इडली

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं बंगळुरूला गेलो होतो. बेत साधा: आवडीचं पोटभर खायचं आणि बागांमधून पायी भटकायचं.

पहाटेच लालबाग गाठली. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग लोक काचघरासाठी बघतात. मला मात्र ओढ होती ती तिथल्या खडकाची.

केंपेगौडांचा बुरूज ज्यावर उभा आहे, तो खडक 'नाइस' प्रकारचा. वय सुमारे ३०० कोटी वर्षं! आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा.

जरा वाकून बघा. फिकट आणि गडद पट्टे एकमेकांत वळलेले दिसतात. जमिनीखाली खोलवर प्रचंड उष्णता आणि दाब सोसताना खनिजं अशी वेगवेगळ्या थरांत गेली. बायको बराच वेळ त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसली होती.

मग जवळच १९२४ पासूनचं एमटीआर हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा रवा इडली आपल्याकडेच जन्मली, असं तिथले लोक सांगतात. काजू लावलेली गरम इडली, बटाट्याचा सागू आणि छोट्या वाटीत पातळ तूप. तूप सगळं इडलीवर ओता, थोडं थांबा, मग खा.

रविवारी विद्यार्थी भवनचा डोसा आणि कब्बन पार्कमधली गर्द सावली.

लालबागेत गेलात तर खडकाला अर्धा तास नक्की द्या. त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, माहीत असेल ते सगळं सांगेन.