मंगळवार सकाळचा वर्ग

"चर्चमध्ये शिकवतेस? म्हणजे धर्मप्रसार वगैरे?" गणपतीच्या कार्यक्रमात हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला, की मंडळाच्या दिवाळी अंकातच सगळ्यांना एकदम उत्तर देऊन टाकावं असं ठरवलं.

हाउन्सलोमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा इंग्रजीचा मोफत वर्ग भरतो. या देशात नव्याने आलेल्यांसाठीच्या अशा वर्गांना इथे 'ईसॉल' म्हणतात. हॉल चर्चचा, चहा-बिस्किटं चर्चची, शिकवणारे आम्ही सगळे स्वयंसेवक. वर्गात प्रार्थना होत नाही आणि कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. कोपऱ्यात खेळण्यांची टोपली असते, कारण निम्म्या विद्यार्थिनींच्या कडेवर मूल असतं. हीथ्रोचं विमान डोक्यावरून गेलं की आम्ही सगळे क्षणभर गप्प बसतो आणि मग पुढचं वाक्य घेतो.

भारतात मी सहा वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. एम.ए. तेही मराठीतलं. इथे आल्यावर घर आणि मुलगा सांभाळताना खडू सुटला. मुलाच्या शाळेच्या फाटकावर या वर्गाची सूचना पाहिली, तेव्हा 'आपलं इंग्रजी कुणाला शिकवण्याइतकं चांगलं आहे का?' असं मनात आलंच. पण तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही इंग्रजी घरी शिकलात की शाळेत?" मी म्हटलं, पाचवीपासून, पुस्तकातून. त्या म्हणाल्या, "मग शिकताना कुठे अडतं ते तुम्हाला माहीत असणार." डीबीएस म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी झाली. स्वयंसेवकांना तिचे पैसे पडत नाहीत. मग एक छोटं प्रशिक्षण झालं आणि मी वर्गावर उभी राहिले.

पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला गेला. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात दुसरा-तिसरा धडा हमखास 'माझे कुटुंब' असतो. आमच्याकडे तो घेत नाहीत. समोर युक्रेनमधून आलेल्या बायका असतात, अफगाणिस्तान, सीरिया, सुदानमधून आलेले लोक असतात. 'तुला भाऊ किती?' या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाला काय द्यावं लागेल, सांगता येत नाही. म्हणून आम्ही भाजी, बस, हवामान आणि डॉक्टर शिकवतो. ज्याला आपणहून सांगायचं असेल तो सांगतो.

शिकवताना गमतीही होतात. इथले लोक साडेपाचला 'हाफ फाइव्ह' म्हणतात. आपल्याला ते सहज कळतं, कारण आपलं 'साडे'ही झालेल्या तासावरच अर्धा चढवतं. युक्रेनियन भाषेत मात्र 'पाचव्याचा अर्धा' म्हणजे साडेचार! आमची एक विद्यार्थिनी भाड्याची खोली बघायला एक तास आधी पोचली आणि नोव्हेंबरच्या थंडीत दारात उभी राहिली. दुसरी एकजण काळजीने म्हणाली, "रिसेप्शनवरची मुलगी मला पाहून घाबरते. सारखी म्हणते, आय ॲम अफ्रेड." आज अपॉइंटमेंट शिल्लक नाही, हे इतक्या नम्रपणे सांगितलं जातं, की 'नाही' कुठे गेलं ते कळतच नाही.

पण या वर्गाची गरज मला खरी कळली ती एका अफगाण बाईंमुळे. त्यांची दहा वर्षांची मुलगी शाळेत चांगलं इंग्रजी शिकली होती. त्यामुळे आईला दवाखान्यात जायचं असलं की तिची शाळा बुडायची. आईला त्रास होता तो बाईपणाचा. तो लेकीच्या तोंडून डॉक्टरला कसा सांगणार? मग त्या 'पोट दुखतं' एवढंच सांगायच्या आणि पोटदुखीच्या गोळ्या घेऊन घरी यायच्या. कित्येक महिने हे असंच चाललं होतं.

एनएचएसच्या दवाखान्यात रुग्णाला दुभाषी मोफत मिळतो, पण तो मागावा लागतो. मग आम्ही त्यांच्याबरोबर तीनच वाक्यं पक्की केली. मला अपॉइंटमेंट हवी. मला दरी भाषेचा दुभाषी हवा. मला बाई डॉक्टर हवी. तीन मंगळवार मी खोटी रिसेप्शनिस्ट झाले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले, कारण फोनवर हातवारे दिसत नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी सकाळी आठला स्वतः फोन लावला. त्या दिवशी लेक शाळेत होती. पुढे तपासण्या झाल्या, योग्य औषध सुरू झालं. इतकी वर्षं भाषा शिकवून मला हे नव्याने कळलं, की परक्या भाषेतलं सगळ्यात उपयोगी वाक्य म्हणजे 'माझ्या भाषेत बोलणारं माणूस द्या.'

आता धर्माच्या प्रश्नाकडे येते. तो विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला आल्या, त्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे त्या इंग्रजी शिकल्या आणि भगिनींना त्यांनी मराठी शिकवलं. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृतही शिकवलं. त्यांनी वाँटेजलाच ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे पुण्यात गदारोळ झाला. तेव्हापासून 'चर्च' आणि 'शिक्षण' हे शब्द एकत्र आले, की आपले कान टवकारतात. मला मात्र त्या गोष्टीतली देवाणघेवाण आठवते. परदेशात आलेली एक मराठी बाई एकाच छपराखाली विद्यार्थिनीही होती आणि शिक्षिकाही. आमच्या हॉलमध्येही तसंच आहे. मी 'द' कुठे लावायचा ते सांगते आणि त्या मला दरी लिपीत माझं नाव उजवीकडून डावीकडे लिहायला शिकवतात.

'इतकी वर्षं इथे राहतात आणि इंग्रजी येत नाही' असं बसमध्ये ऐकू येतं, कधीकधी आपल्याही बैठकीत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजी अजिबात न येणारे सुमारे १ लाख ६१ हजार आणि नीट न येणारे सुमारे ८ लाख ८० हजार लोक नोंदले गेले. यातल्या किती जणांना शिकायचं नसेल? आमच्या वर्गात एक आजी येतात, ज्या कुठल्याच भाषेत कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना पेन्सिल धरण्यापासून शिकवलं. त्या पहिल्यांदा काय शिकल्या, तर घराचा नंबर आणि पोस्टकोड. ९९९वर फोन केला तर तेवढं सांगता आलं पाहिजे, असं त्यांनीच ठरवलं. 'टी, डब्ल्यू, थ्री' म्हणताना 'डब्ल्यू'पाशी त्या अडखळायच्या. आता ठणकावून म्हणतात.

आम्हाला माणसं कमी पडतात. बी.एड. लागत नाही, साहेबी उच्चारही लागत नाहीत. आठवड्याचे दोन तास, हळू बोलायची सवय आणि समोरच्याचं वाक्य आपण पुरं न करण्याचा संयम एवढं पुरतं. तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, गुरुद्वारात किंवा वाचनालयात चौकशी करा, कुठेतरी असा वर्ग असेलच.

आणि तेही जमणार नसेल, तर घरातूनच सुरुवात करा. दिवाळीला सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा आले असतील. आपण कामावर गेल्यावर ते दिवसभर घरात एकटे असतात. चकल्या तळता तळता त्यांच्याकडून एकदा ९९९ आणि आपला पोस्टकोड म्हणवून घ्या.