रिक्षा चढवावयाची लिफ्ट

मालवणांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गॅरेज आहे. मागें तेथें गेलों असतां, रिक्षा कुशीवर कलती करून, खालीं जुना टायर देऊन, त्याचा धाकटा भाऊ तिच्या तळाशीं शिरला होता. पेट्रोल जमिनीवर ठिबकत होतें. हा प्रघात सार्वत्रिक खरा. पण आमच्या काळजांत धस्स झालें.

लिफ्ट घ्यावयाची, पण कोणती? मोटारीच्या लिफ्टला दोन पट्ट्या असतात; रिक्षेचें पुढचें चाक मधल्या पोकळींत लोंबकळणार. मोटारसायकलच्या लिफ्टचा फळा सलग, परंतु जेमतेम सव्वादोन फूट रुंद. रिक्षेच्या मागच्या चाकांत अंतर सुमारें पावणेचार फूट. तेव्हां त्या फळ्यास दोहों बाजूंस लोखंडी पंख जोडावे, असें ठरलें.

विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, लिफ्ट पांचशें किलोची, रिक्षा चारशेंच्या आंत." तरफेचा धडा आम्हींच त्यास शिकविला होता! तो आंकडा फळ्यावरील भाराचा. बजाजच्या रिक्षेचें इंजिन मागें, म्हणजे बहुतेक वजन पंखांवरच. अखेर हजार किलोची घेतली व तिची बैठकही रुंद करविली. पावसांत वीज जाते, म्हणून पायानें दाबावयाच्या पंपाची. खाऱ्या हवेनें दट्ट्याच्या दांड्यास गंज चढला कीं तेलाचें सील फाटतें. यास्तव दांडा रोज पुसणें आणि फळा वर चढतांच खीळ घालणें, या दोन अटी आम्हीं घातल्या.

पहिल्या रात्रीं रिक्षेऐवजीं वाळूचीं पोतीं चढविलीं. सकाळीं पाहतों तों फळा बोटभर उतरून खिळीवर टेकला होता.