अपहृत कन्येचे अभिज्ञान : दूरचित्रवाणी-नाट्यातील एका कथाबीजाचा विचार

१

हरवलेले अपत्य पुन्हा सापडणे हे कथावाङ्मयातील फार जुने बीज आहे. अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या या संक्रमणाला अ‍ॅरिस्टॉटलने कथानकाच्या घटकांत महत्त्वाचे स्थान दिले. कालिदासाने तर आपल्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ हा शब्द योजिला. दोन्ही परंपरांत ओळख पटविणारी एखादी खूण असते : अंगठी, व्रण किंवा वस्त्र. खूण पुढे आली की ओळख पटते आणि ओळख पटली की बहुधा नाटक शेवटाला लागते. ज्ञान झाले म्हणजे नाते पूर्ववत् झाले, असे या रचनेत गृहीत धरलेले असते.

बालपणी पळवून नेलेल्या मुलीला किशोरवयात हे सत्य कळते, या बीजावर गेल्या काही दशकांत दूरचित्रवाणीवर जी नाट्ये झाली, त्यांत हे गृहीतच अडचणीत येते. शाकुंतलात विस्मृती दुष्यंताची आहे. शकुंतला स्वतःला ओळखून आहे. अपहृत मुलीला मात्र स्वतःचीच ओळख नसते. शिवाय जिने तिला तिच्या घरातून तोडले तिलाच ती आई म्हणत असते, आणि ही माया खोटी नसते. त्यामुळे अभिज्ञानाचे येथे दोन भाग पडतात. ‘मी कोणाची’ या प्रश्नाचे वस्तुस्थितीला धरून असलेले उत्तर हा पहिला भाग; त्याला ‘ज्ञान’ म्हणता येईल. त्या उत्तराला आपल्या आयुष्यात कोणते स्थान द्यावयाचे याचा निर्णय हा दुसरा भाग. तो ‘स्वीकार’ होय. या दोहोंतील अंतर जे नाट्य कायम राखते ते आपल्या विषयाशी प्रामाणिक राहते, आणि जे ते पुसून टाकते ते विषय सोडून भलतीकडे वळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अमेरिकेतील एक मालिका आणि अर्जेंटिनातील काही कृती यांचा येथे विचार केला आहे.

भारतीय वाचकाला हा भेद अगदीच अपरिचित नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात कर्णाला त्याचे जन्मरहस्य प्रथम कृष्ण आणि मागाहून कुंती सांगते. कर्ण ते नाकारीत नाही. त्याचे ज्ञान पूर्ण आहे. परंतु राधेच्या वात्सल्याचे ऋण मोडून पक्ष बदलण्यास तो तयार होत नाही. ज्ञान झाले, स्वीकार मात्र त्याने आपल्या मर्यादेत केला. कर्णाला कोणी पळविले नव्हते, त्याला सोडून दिले होते, हा फरक अर्थातच मोठा आहे. तथापि ज्ञान आणि स्वीकार यांची फारकत तेथे स्पष्ट दिसते.

२

‘फाइंडिंग कार्टर’ ही एमिली सिल्व्हर यांनी निर्माण केलेली मालिका अमेरिकेत एम्‌टीव्ही या वाहिनीवर जुलै २०१४ ते डिसेंबर २०१५ या काळात प्रसारित झाली. कॅथरीन प्रेस्कॉट या अभिनेत्रीने रंगविलेली कार्टर सोळा वर्षांची आहे. लोरी नावाच्या, मैत्रिणीसारख्या वागणाऱ्या आईबरोबर ती सुखाने राहत असते. एका किरकोळ खोडीबद्दल पोलीस तिला ताब्यात घेतात आणि तेथेच तिला कळते की आपले मूळ नाव लिंडन विल्सन असून वयाच्या तिसऱ्या वर्षी लोरीने आपल्याला पळविले होते. तिला तिच्या जन्मघरी पोहोचविण्यात येते. तेथे पोलीस खात्यात तपास-अधिकारी असलेली आई एलिझाबेथ आहे, लेखक असलेले वडील आहेत, जुळी बहीण आहे आणि ती नाहीशी झाल्यानंतर जन्मलेला धाकटा भाऊ आहे. लोरी फरार आहे.

मालिकेचे सामर्थ्य तिच्या आरंभीच्या भागांत आहे. नेहमीच्या कथेत जेथे पडदा पडावयाचा तेथे येथे पहिला अंक सुरू होतो. घरच्यांच्या दृष्टीने हरवलेली मुलगी परत आली आहे. मुलीच्या दृष्टीने तिलाच परक्यांच्या घरी आणून ठेविले आहे. दोन्ही बाजूंनी एकच शब्द, ‘अपहरण’, परस्परविरुद्ध अर्थाने अनुभवाला येतो. नावाचा प्रश्न हे याचे चांगले उदाहरण आहे. कुटुंबाने तेरा वर्षे मनात जपलेले ‘लिंडन’ हे नाव मुलगी स्वीकारीत नाही. ती ‘कार्टर’च राहते. आईला हा आपल्या दुःखाचा अपमान वाटतो. मुलीला मात्र आपल्या स्मरणातील सर्व आयुष्य ज्या नावाशी जडले आहे ते सोडणे म्हणजे स्वतःलाच सोडण्यासारखे वाटते. दोघींपैकी कोणीही चुकत नाही. नाट्याला आवश्यक असा हा खरा पेच आहे.

पुढे मात्र लेखकांनी या पेचातून निराळीच वाट काढली. लोरी ही बीजदात्री होती, तिच्याच स्त्रीबीजापासून या जुळ्या मुलींचा जन्म झाला होता, असे रहस्य उघड करण्यात आले. कथेला कलाटणी देणारी युक्ती म्हणून ती परिणामकारक असेल. परंतु तिने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर प्रश्न कृत्याचा होता : तीन वर्षांच्या बालिकेला तिच्या घरातून नेणाऱ्या स्त्रीने तिच्यावर प्रेम केले, तर त्या प्रेमाचे काय करावयाचे? रहस्य उघड झाल्यावर तो रक्ताचा झाला : खरी आई कोणती? मुलीला लोरीविषयी वाटणाऱ्या ओढीला आता जैविक कारण मिळाले आणि तिचा स्वीकार तिच्या निर्णयाचा न राहता जणू निसर्गाचा ठरला. ज्ञान आणि स्वीकार यांतील अंतर येथे बुजले. रक्ताचे नाते नसतानाही लोरीवर माया करण्याचा अथवा ती माया नाकारण्याचा जो अधिकार मुलीपाशी होता, तो कथानकाने काढून घेतला.

३

हेच बीज अर्जेंटिनात अगदी वेगळ्या भूमीत रुजले. तेथे २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकाविली व ती डिसेंबर १९८३ पर्यंत टिकली. या काळात हजारो नागरिकांना पकडून नाहीसे करण्यात आले. पकडलेल्या स्त्रियांपैकी काही गरोदर होत्या. गुप्त बंदिवासात त्यांची बाळंतपणे झाली, माता मारल्या गेल्या आणि मुले अन्य कुटुंबांत, पुष्कळदा लष्करी वा पोलिसी वर्तुळातील घरांत, खोट्या नावांनी वाढली. या मुलांचा शोध घेण्यासाठी १९७७ मध्ये त्यांच्या आज्यांनी ‘आबुएलास दे प्लासा दे मायो’ ही संघटना स्थापिली. अशी सुमारे ५०० मुले असावीत असा संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी १४० जणांचा छडा जुलै २०२५ पर्यंत लागला होता.

येथे ओळखीची खूण कोणती असावयाची? आईबाप हयात नव्हते. त्यांची शरीरेही बहुधा सापडली नव्हती. तेव्हा एक पिढी ओलांडून आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते सिद्ध करता येईल काय, असा प्रश्न आज्यांनी शास्त्रज्ञांपुढे ठेविला. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ विदुषीने १९८४ पासून या कामी मोठे साह्य केले. पेशीतील मायटोकाँड्रियामधील डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येतो. म्हणून आईच्या आईचा नमुना उपलब्ध असल्यास मधली पिढी नसतानाही नातवंडाशी तो ताडून पाहता येतो. पुढे १९८७ च्या कायद्याने कुटुंबीयांचे नमुने जतन करणारी राष्ट्रीय आनुवंशिक माहितीपेढी उभी राहिली. नातवंडे सापडण्यापूर्वी आज्या वारल्या तरी त्यांची साक्ष शिल्लक राहावी, हा तिचा हेतू होता.

४

अर्जेंटिनातील कलाकृतींचा क्रम पाहता एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या केंद्रस्थानी असलेल्या पात्राचे वय या पिढीच्या वयाबरोबर वाढत गेले. ‘ला इस्तोरिया ओफिसिआल’ हा लुइस पुएन्सो यांचा चित्रपट १९८५ मध्ये आला तेव्हा ही मुले लहान होती. त्यात सत्य कळते ते दत्तक मुलीला नव्हे, तिच्या पालक आईला. किशोरवयाच्या टप्प्यावर मात्र नाट्याऐवजी चर्चेचे कार्यक्रम पुढे आले. १९९० नंतरच्या काही वर्षांत दोन किशोरवयीन जुळ्या भावांचे प्रकरण दूरचित्रवाणीवर गाजले. ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांच्याकडेच परत जाण्याची इच्छा त्या मुलांनी बोलून दाखविली आणि लोकमताचा काही भाग त्यांच्या बाजूने झुकला. न्यायालयाने सिद्ध केलेले ज्ञान आणि मुलांच्या मनात न झालेला स्वीकार यांतील दरी सर्वांना दिसली. परंतु ती समजावून घेण्यास लागणारा अवकाश चर्चेच्या कार्यक्रमात नव्हता.

हा अवकाश पुढे नाट्याने दिला. २००० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे ‘तेआत्रो पोर ला इदेन्तिदाद’ ही रंगभूमीची चळवळ सुरू झाली. टेलेफे वाहिनीने २००६ मध्ये ‘मोन्तेक्रिस्तो’ या दैनंदिन मालिकेत द्यूमाच्या कादंबरीच्या आधुनिक रूपांतरात अपहृत कन्येचे उपकथानक गुंफले. २००७ मध्ये त्याच वाहिनीने ‘तेलेविसिओन पोर ला इदेन्तिदाद’ ही तीन भागांची मालिका सादर केली. तिला २००८ चे आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले.

या शेवटच्या मालिकेतील दोन भाग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘तातियाना’ हा भाग १९८० मध्ये आज्यांना प्रथम सापडलेल्या दोन बहिणींच्या कथेवर आधारलेला आहे. त्यांना वाढविणाऱ्या दांपत्याने सत्य ठाऊक नसताना, सरळ मार्गाने त्यांना दत्तक घेतले होते. ओळख पटल्यावरही मुली त्यांच्याकडेच राहिल्या आणि आजीशी नाते नव्याने जुळले. ‘हुआन’ हा भाग पुढे राजकारणात आलेल्या हुआन काबांदिए यांच्या जीवनावरून घेतलेला आहे. ते नौदलाच्या यंत्रशाळेतील बंदिवासात जन्मले. त्यांची माता तेव्हा स्वतः किशोरवयीनच होती. जे थोडे दिवस बाळ तिच्यापाशी राहिले त्या दिवसांत तिने त्याला ‘हुआन’ म्हटले, हे तेथून वाचलेल्या बंदिवानांनी पुढे सांगितले. एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी दुसऱ्या नावाने वाढलेल्या काबांदिए यांनी २००४ मध्ये ओळख पटल्यावर आईने दिलेले नाव घेतले. दोघांचे ज्ञान एकाच प्रकारचे, एकाच भयंकर घटनामालिकेचे. स्वीकार मात्र भिन्न. एकीने वाढविणाऱ्यांचे घर राखले, दुसऱ्याने वाढविणाऱ्यांनी दिलेले नाव टाकले. मालिकेने या दोहोंना एकाच साच्यात बसविले नाही. रक्त येथे पुराव्याचे काम करते; प्रेम कोणावर करावयाचे हे ते ठरवीत नाही.

या नाट्यांचा प्रेक्षकाशी असलेला संबंधही निराळा आहे. ‘फाइंडिंग कार्टर’चा प्रेक्षक दुसऱ्याची गोष्ट पाहत असतो. अर्जेंटिनातील तिशीच्या प्रेक्षकाला मात्र ही गोष्ट आपलीच असू शकेल अशी शंका येणे शक्य होते. ज्यांना आपल्या जन्माविषयी संशय आहे त्यांनी पुढे यावे, असे आवाहन या प्रयोगांतून केले जाई. पात्राचे अभिज्ञान पडद्यावर आणि प्रेक्षकाचे पडद्याबाहेर, अशी ही दुहेरी रचना आहे. नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाने तिची स्वतंत्र नोंद घ्यावयास हवी.

५

ज्ञान आणि स्वीकार यांतील अंतर केवळ कलेपुरते मर्यादित नाही. कायद्यालाही त्याच्याशी झगडावे लागले. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील आठवे कलम बालकाची ओळख राखण्याचा व ती बेकायदा हिरावली गेल्यास पुन्हा स्थापण्याचा हक्क मान्य करते. या कलमामागे अर्जेंटिनातील आज्यांचा आग्रह होता. परंतु अपहृत व्यक्ती प्रौढ झाल्यावर तिला सत्य जाणून घ्यावयाचेच नसेल तर काय? अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अशा एका प्रौढ स्त्रीचे रक्त तिच्या इच्छेविरुद्ध घेण्यास नकार दिला. त्यानंतर २००९ च्या कायद्याने वैयक्तिक वापराच्या वस्तूंसारख्या अन्य मार्गांनी नमुना मिळविण्याची तरतूद केली. एका बाजूस आपले शरीर व खाजगी जीवन यांवरील व्यक्तीचा अधिकार, दुसऱ्या बाजूस मरणापूर्वी नातवंड पाहू इच्छिणारी आजी आणि उघडकीस यावयास हवा असलेला गुन्हा, असा हा पेच आहे. कायद्याने ज्ञानाची वाट मोकळी केली. स्वीकाराची सक्ती केली नाही.

भारतानेही या प्रश्नाचा एक कठोर अनुभव घेतलेला आहे. फाळणीनंतरच्या १९४९ च्या अपहृत व्यक्तींसंबंधीच्या कायद्यानुसार कोणत्याही वयाच्या स्त्रियांना आणि सोळा वर्षांखालील मुलांना शोधून ‘परत’ पाठविण्यात येई. त्यात त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा निर्णायक मानलेली नव्हती. हा कायदा १९५७ पर्यंत अमलात होता. ओळख राज्यसंस्थेने ठरविली आणि स्वीकारही तिनेच गृहीत धरला. ज्यांची सुटका झाली त्यांपैकी काहींना ती दुसऱ्या अपहरणासारखी वाटली, ती यामुळेच.

सारांश, अपहृत कन्येच्या कथेत सत्य उघड होण्याचा क्षण हा मध्यबिंदू आहे. त्या क्षणानंतर मुलीपाशी निर्णयाचे स्वातंत्र्य उरते की नाही, यावर त्या कथेचे वाङ्मयीन आणि नैतिक मूल्य अवलंबून असते. ‘फाइंडिंग कार्टर’ने हे स्वातंत्र्य प्रथम ओळखले आणि मग एका रहस्यासाठी खर्ची घातले. अर्जेंटिनातील मालिकेने ते राखले. कारण तेथील लेखकांपुढे जिवंत माणसांची उदाहरणे होती, आणि त्या माणसांनी एकाच सत्याला दिलेली उत्तरे एकसारखी नव्हती. मराठीत हे कथाबीज हाताळू इच्छिणाऱ्या लेखकाने, तसेच त्याचे परीक्षण करणाऱ्या अभ्यासकाने, ‘खरी आई कोणती’ या प्रश्नाबरोबरच ‘हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा’ हाही प्रश्न विचारावयास हवा.