पीएचडी करताना बाळ झालं तर?

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीनुसार, पीएचडी करणाऱ्या महिलांना संपूर्ण संशोधनकाळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. प्रबंधाची मुदतही वाढते: पुनर्नोंदणी धरून एरवी कमाल ८ वर्षं, महिलांना १०.

एमए, एमएस्सीच्या विद्यार्थिनींची सोय मात्र कच्ची आहे. त्यांच्यासाठी रजेचे आणि हजेरीच्या सवलतीचे नियम करा, असं यूजीसीने डिसेंबर २०२१मध्ये कुलगुरूंना कळवलं. तपशील विद्यापीठांवर सोडला. या मुलींना खरं तर ठरलेल्या दिवसांची हमी हवी. बाप झालेल्या संशोधकासाठी २०२२च्या नियमावलीत रजाच नाही, हेही अन्यायाचंच.

रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि रजेत फेलोशिप चालू राहील का, हे आधीच विचारून ठेवा.