अंकीय विशेष परिणाम, लघुचित्रपटातील

कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्षात न घडलेली, किंवा घडविणे अशक्य, धोक्याचे अथवा फार खर्चाचे असलेली घटना संगणकाच्या साहाय्याने चित्रित दृश्यात अशा रीतीने मिसळणे, की ती त्याच स्थळी व त्याच प्रकाशात घडली असे प्रेक्षकास वाटावे, या तंत्रास अंकीय (डिजिटल) विशेष परिणाम म्हणतात. मोठ्या चित्रपटांत हे काम शेकडो तंत्रज्ञ करतात. तथापि अर्ध्या ते तीन मिनिटांचा लघुचित्रपट चार-सहा विद्यार्थ्यांचा संघही घरगुती संगणकावर तयार करू शकतो. अशा कृतीचे यश संगणकाच्या शक्तीपेक्षा चित्रणाच्या वेळी प्रकाश, भिंग व कॅमेऱ्याचे स्थान यांची किती काळजी घेतली व किती नोंद ठेवली, यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी : विशेष परिणामांचे मूळ तत्त्व संगणकापूर्वीचे आहे. फ्रेंच जादूगार व चित्रपटकार झॉर्झ मेल्येस (१८६१–१९३८) यांनी १८९८ मधील एका लघुपटात स्वतःचे मस्तक धडावेगळे करून मेजावर मांडल्याचे दाखविले. काळी पार्श्वभूमी ठेवून एकाच फिल्मवर पुनःपुन्हा उद्‌भासन करण्याची युक्ती त्यांनी योजिली होती. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन टिपली, तर लंकादहन (१९१७) व कालिया मर्दन (१९१९) या चित्रपटांत पौराणिक चमत्कार पडद्यावर आणले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मवर छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत. भारतीय चित्रपटातील चमत्कारांचा प्रारंभ अशा प्रकारे एका कुटुंबाच्या छोट्या संघाने केला होता.

पुढे निळ्या पडद्यासमोर नटाचे चित्रण करून त्याची आकृती वेगळी काढण्याची पद्धत रूढ झाली. बेन-हर (१९५९) या चित्रपटासाठी पेट्रो व्लाहोस (१९१६–२०१३) यांनी तीत मोलाची सुधारणा केली. त्यामुळे केस, धूर, काच यांसारख्या अर्धपारदर्शक गोष्टीही स्वच्छपणे वेगळ्या करता येऊ लागल्या. संगणकाच्या आगमनाने ही सर्व तत्त्वे टिकून राहिली. मात्र प्रतिमा संख्यांच्या रूपात साठविली जाऊ लागल्याने तिच्या कितीही प्रती गुणवत्ता न गमावता काढणे व प्रत्येक बिंदूवर स्वतंत्र गणिती क्रिया करणे शक्य झाले.

दोन विद्यापीठीय प्रयोग : या क्षेत्रातील काही पायाभूत कल्पना विद्यार्थ्यांच्याच लघुपटांतून पुढे आल्या. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल व फ्रेडरिक पार्क या विद्यार्थ्यांनी १९७२ साली संगणकनिर्मित मानवी हाताचा लघुपट तयार केला. कॅटमल यांनी आपल्या डाव्या हाताचा साचा घेऊन तयार केलेल्या प्रतिकृतीवर सु. ३५० लहान बहुभुज आखले व त्यांच्या कोनबिंदूंचे निर्देशक मोजून संगणकात भरले. पडद्यावर बोटे मिटू-उघडू लागली आणि अखेरीस प्रेक्षकाची दृष्टी हाताच्या पोकळ अंतर्भागात शिरली. यातील काही दृश्ये फ्यूचरवर्ल्ड (१९७६) या चित्रपटात वापरण्यात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २०११ साली या लघुपटाचा समावेश झाला.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात १९९७ साली झाला. पॉल डेबेव्हेक यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांच्या संघाने तेथील कॅम्पनीली या घंटाघराभोवती कॅमेरा हवेत फिरत असल्याचा आभास निर्माण करणारा सु. अडीच मिनिटांचा लघुपट तयार केला. त्यासाठी इमारतींच्या सूक्ष्म तपशिलांची प्रतिकृती न घडविता ठोकळे, सूच्या इ. साध्या भूमितीय आकारांवर खऱ्या इमारतींची छायाचित्रे प्रक्षेपित केली होती; वरून घ्यावयाची छायाचित्रे पतंगाला कॅमेरा बांधून घेतली होती. छायाचित्रांत खरा सूर्यप्रकाश आधीच साठविलेला असल्यामुळे साधे आकारही खरे भासले. संघातील जॉर्ज बोर्शुकोव्ह यांनी पुढे हेच तंत्र द मेट्रिक्स (१९९९) या चित्रपटात थिजलेल्या क्षणाभोवती कॅमेरा फिरतो त्या दृश्यांच्या पार्श्वभूमीसाठी वापरले.

निर्मितीचे टप्पे : विवेचनासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. महाविद्यालयाच्या आवारातील जुन्या विहिरीतून यांत्रिक पक्षी वर येतो, घिरट्या घालतो व एका विद्यार्थिनीच्या तळहातावर उतरतो, अशी ३० सेकंदांची कथा कल्पिली आहे. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास एकूण ७५० चौकटी होतात. त्यांपैकी पक्षी १२ सेकंद दिसणार असेल, तर परिणामाचे काम केवळ ३०० चौकटींवर करावे लागते.

(१) नियोजन : प्रत्येक दृश्याचे साधे रेखाचित्र काढून त्यातील प्रत्यक्ष चित्रित होणारे व संगणकावर तयार होणारे घटक वेगळे दाखवितात. पक्षी दिसण्यापूर्वीच पाण्याची खळबळ व पंखांचा ध्वनी योजला, तर परिणामाची दृश्ये कमी होतात आणि उत्कंठाही वाढते.

(२) चित्रण : विद्यार्थिनीच्या तळहातावर पक्ष्याच्या आकाराची व वजनाची वस्तू ठेवून एकदा सराव करतात, म्हणजे पक्षी उतरताना हात किती खाली जातो व दृष्टी कोठे वळते, हे कळते. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवल्यास पुढील काम पुष्कळ सुकर होते. त्याच स्थानावरून माणसाविना मोकळ्या जागेचे चित्रणही करून ठेवतात. नको असलेली वस्तू पुसावयाची झाल्यास तिच्या जागी त्यातील भाग बसविता येतो. भिंगाचे केंद्रांतर, कॅमेऱ्याची उंची व कल, पात्रापासूनचे अंतर, उद्‌भासनाचा काळ आणि दिवसाची वेळ यांची नोंद केली जाते. तळहाताच्या जागी एक चकचकीत व एक करडा गोळा धरून छायाचित्र घेतात. पहिल्यात भोवतालच्या प्रकाशाचे प्रतिबिंब मिळते, तर दुसऱ्यावरून सावलीची दिशा व तीव्रता समजते.

(३) विलगीकरण : पक्षी विहिरीच्या काठामागून वर येत असल्याने काठ त्याच्या पुढे दिसला पाहिजे, तसेच मिटणारी बोटेही पक्ष्यावरून आली पाहिजेत. म्हणून काठाची व बोटांची बाह्यरेषा चौकटीगणिक आखून त्यांचा मुखवटा तयार करतात. पात्रच दुसऱ्या स्थळी न्यावयाचे असल्यास हिरव्या पडद्यासमोर चित्रण करतात. बहुतेक अंकीय कॅमेऱ्यांच्या संवेदकात निम्मे घटक हिरव्या व प्रत्येकी एक-चतुर्थांश घटक तांबड्या व निळ्या प्रकाशासाठी असतात. त्यामुळे हिरव्या रंगाची माहिती सर्वांत स्वच्छ मिळते. पडदा एकसारखा उजळलेला हवा आणि पात्र त्यापासून दोन-तीन मीटर पुढे हवे. अन्यथा हिरवी झाक गालांवर व केसांवर उतरते.

(४) प्रतिकृती व हालचाल : पक्ष्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करून तिच्या सांध्यांना हालचाल देतात. कॅमेरा हलता असल्यास दृश्यातील ठळक बिंदू कसे सरकतात, यावरून संगणक कॅमेऱ्याचा मार्ग शोधतो आणि काल्पनिक कॅमेरा त्याच मार्गाने फिरवितो. मूळ चित्रणात उद्‌भासन १/५० सेकंदाचे असेल, तर फडफडणारे पंखही तेवढ्याच काळात होणाऱ्या हालचालीइतके अस्पष्ट दिसले पाहिजेत. एका चौकटीच्या प्रतिमांकनास ४ मिनिटे लागल्यास ३०० चौकटींना २० तास लागतात. शेवटी आढळलेली चूक आणखी २० तास खाते. म्हणून प्रथम लहान आकारात व दर दहावी चौकट घेऊन चाचणी करणे हितावह ठरते.

(५) संयोजन : अखेरीस सर्व स्तर एकत्र आणले जातात. प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूला तीन रंगांच्या मूल्यांबरोबर आच्छादनदर्शक चौथे मूल्य असते; त्यास ‘अल्फा’ म्हणतात. एखाद्या पिसाच्या टोकाशी ते ०.४ असल्यास त्या बिंदूत पक्ष्याचा रंग ४० टक्के व पार्श्वभूमीचा ६० टक्के मिसळतो. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली अशा क्रियांचे पद्धतशीर बीजगणित मांडले. यानंतर पक्ष्याची तळहातावरील सावली, त्वचेच्या रंगाची त्याच्या पोटावरील झाक व चित्रणातील बारीक कणयुक्तता यांची भर घातली जाते. पक्षी कितीही सुबक असला, तरी पायांखाली सावली नसल्यास तो अधांतरी तरंगताना दिसतो. याउलट योग्य सावलीमुळे सामान्य प्रतिकृतीही विश्वसनीय वाटते.

श्रमविभाग व साधने : दिग्दर्शन, छायाचित्रण, प्रतिकृती, संयोजन, ध्वनी आणि नोंदी अशी कामे वाटून घेतली जातात. नोंदींचे काम दुय्यम समजण्याची प्रवृत्ती असते. परंतु चित्रणाच्या दिवसाची भिंगाची नोंद हरवल्यास संयोजन करणाऱ्यास आठवडाभर अंदाजाने चाचपडावे लागते. फाइलींना क्रमवार नावे देणे व मूळ चित्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, हाही याच शिस्तीचा भाग होय. ब्लेंडर या आज्ञावलीचा मूळ संकेत २००२ साली सर्वांस खुला झाल्यापासून साधनांच्या किमतीचा अडसर बराच कमी झाला. तिच्या साहाय्याने तयार झालेल्या टीअर्स ऑफ स्टील (२०१२) या लघुपटाचे मूळ चित्रणही अभ्यासकांस खुले करण्यात आले.

मर्यादा व जबाबदारी : आग, स्फोट, उंचावरून उडी किंवा धावत्या गाडीचा प्रसंग माणसाला संकटात न घालता दाखविता येणे, हा या तंत्राचा मोठा लाभ आहे. मात्र ज्या कौशल्याने कल्पित पक्षी खरा भासतो, त्याच कौशल्याने एखाद्या व्यक्तीच्या तोंडी न बोललेले शब्द घालता येतात. केवळ शब्दांत वर्णन देऊन चलत्‌चित्रे निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या २०२० नंतरच्या दशकात सर्वसामान्यांच्या हाती आल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. कथाचित्रात प्रेक्षक भ्रम स्वेच्छेने स्वीकारतो, वृत्तचित्रणात तो सत्याची अपेक्षा करतो; या दोहोंतील सीमा पाळणे व कृतीच्या अखेरीस संगणकनिर्मित दृश्यांचा स्पष्ट उल्लेख करणे, हे निर्मात्याचे कर्तव्य ठरते. ज्या विद्यार्थ्याने सावलीची दिशा स्वतः जुळविली आहे, त्याची नजर इतरांच्या चित्रातील न जुळणारी सावलीही सहज टिपते. त्यामुळे अशा लघुपटाच्या निर्मितीतून भ्रम घडविण्याबरोबरच तो ओळखण्याचेही शिक्षण मिळते.