'सोनू'चा साचा

अजय क्षीरसागर यांनी गायलेले आणि २०१७ साली महाराष्ट्रभर गाजलेले 'सोनू' हे गाणे प्रेयसीला तिच्या भरवशाबद्दल लाडिक प्रश्न विचारणारे, वरवर पाहता अगदी किरकोळ गीत असले, तरी त्याच्या लोकप्रियतेचे कारण आशयापेक्षा रचनेत अधिक सापडते. पोवाड्यात शाहीर कडवे म्हणतो आणि त्याचे साथीदार, म्हणजे झीलकरी, ध्रुवपद उचलून धरतात; 'सोनू'तही ओळीअखेर जोडीने येणारे यमकाचे शब्द आणि सर्वांनी मिळून विचारायचा एकच प्रश्न अशी मांडणी असल्याने ध्रुवपद कायम ठेवून मधल्या ओळी कोणालाही बदलता येत होत्या.

या साच्याला काळाचीही साथ मिळाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्रफिती व्हॉट्सॲपवरून सर्रास फिरू लागल्या. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गावाकडून आलेले चार-पाच तरुण जिथे भाड्याच्या एकाच खोलीत राहतात, तिथे गायक, झीलकरी आणि चित्रीकरणाचा फोन असा सारा संच आयताच जमलेला असतो. वाद्यवृंद किंवा स्टुडिओ यांवाचून अडावे, असे या गाण्यात काही नव्हते.

जुलै २०१७ मध्ये रेड एफएमच्या निवेदिका मलिष्का यांनी याच चालीवर मुंबईतील खड्डे आणि पावसाळ्यातील दैना यांचे विडंबन, म्हणजे मूळ रचनेचा घाट राखून केलेली थट्टा, सादर केले, तेव्हा प्रेमातला प्रश्न थेट महापालिकेकडे वळला. शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. त्याच सुमारास मलिष्का यांच्या आईच्या घरी डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीस पालिकेने बजावली आणि या कारवाईच्या वेळेवरून मोठा वाद झाला. परिणामी, ज्यांनी मूळ गाणे ऐकलेही नव्हते, त्यांच्यापर्यंतही त्याची चाल पोहोचली.

मात्र ज्या मोकळ्या साच्यामुळे गाणे पसरले, त्याच साच्यामुळे गायकाचे नाव मागे पडले. लोकगीताचा कर्ता विस्मरणात जाण्यास पूर्वी पिढ्या लागत, कारण गाणे एका तोंडून दुसऱ्या तोंडी सावकाश जाई. 'सोनू'च्या बाबतीत तीच प्रक्रिया एका पावसाळ्यात उरकली.